फ्रान्झ ऑस्टेन

अशोक कुमार हे नाव तुम्ही ऐकले असेल. घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेत तर ते त्यांच्या चार-दोन चित्रपटांची नावे लगेच सांगतील. अशोक कुमार नायक म्हणून पहिल्यांदा पडद्यावर दिसले ते १९३६ साली. तो चित्रपट मुंबईजवळ मालाडला तयार झाला. त्याची कथा एका बंगाली लेखकाची, संगीत एका पारशी बाईंचे, भाषा साधी हिंदुस्थानी. आणि दिग्दर्शक होते एक जर्मन गृहस्थ. त्यांना हिंदी येत नव्हते आणि उर्दूही येत नव्हते. तरीसुद्धा त्यांनी पाच वर्षांत पंधरा-सोळा हिंदी बोलपट दिग्दर्शित केले. त्यांचे नाव फ्रान्झ ऑस्टेन.

ऑस्टेन यांचा जन्म २३ डिसेंबर १८७६ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरात झाला. त्यांचे खरे आडनाव ओस्टरमायर. पुढे चित्रपटाच्या धंद्यात आल्यावर त्यांनी ते छोटे करून ऑस्टेन असे केले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ पूर्व दिशा असा होतो. पूर्वेकडच्या एका देशात आपले नाव होणार आहे, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नसेल. वडील छायाचित्रकार होते. त्यामुळे फ्रान्झ लहानपणीच फोटो काढायला शिकले. काही दिवस त्यांनी नाटकातही नशीब अजमावून पाहिले.

त्या काळी सिनेमा ही अगदी नवी चीज होती. पॅरिसला पहिला खेळ १८९५ साली झाला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या लोकांनीही हलती चित्रे पाहिली. १९०७ साली फ्रान्झ आणि त्यांचा भाऊ पीटर यांनी मिळून एक फिरता सिनेमा सुरू केला. ते छोटे छोटे चित्रपट लोकांना दाखवत. त्यांतला एक भारतातील जीवनाविषयी होता. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या यंत्राला आग लागली आणि धंदा बसला. भाऊ मात्र खचले नाहीत. १९११ साली फ्रान्झ यांनी आपला पहिला मोठा चित्रपट काढला. मग १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांना सैन्यात जावे लागले.

युद्धानंतर १९१९ साली पीटर यांनी म्युनिकला एक चित्रपट कंपनी उभारली. तिला लोक एमेल्का म्हणत. कंपनीच्या लांबलचक जर्मन नावातील एम, एल आणि के ही तीन अक्षरे भराभर उच्चारली की एमेल्का हे नाव तयार होते! फ्रान्झ या कंपनीसाठी डोंगराळ भागातील शेतकऱ्यांच्या जीवनावर चित्रपट काढू लागले. पुढे रहस्यपटांसाठी जगप्रसिद्ध झालेले इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनीही आपला पहिला चित्रपट याच कंपनीच्या स्टुडिओत केला. म्हणजे कंपनी काही लहानसहान नव्हती.

याच म्युनिकमध्ये १९२४ साली एक तरुण बंगाली वकील येऊन पोचले. त्यांचे नाव हिमांशू राय. कायदा शिकायला ते लंडनला गेले आणि तेथे नाटकात रमले. निरंजन पाल हे त्यांचे लेखक मित्र. लाल-बाल-पाल ही त्रयी तुम्ही इतिहासात वाचली आहे. लाला लजपतराय, बाळ गंगाधर टिळक आणि बिपिनचंद्र पाल. त्या बिपिनचंद्रांचे निरंजन हे पुत्र. गौतम बुद्धांच्या जीवनावर चित्रपट काढायचा आणि तो साऱ्या जगाला दाखवायचा, असे या दोघा मित्रांनी ठरवले होते. पण त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता आणि कॅमेरा चालवणारी अनुभवी माणसेही नव्हती.

एमेल्का कंपनीशी करार झाला. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि यंत्रे जर्मनीची. कथा, नट, कपडे आणि पैसा भारताचा. दिग्दर्शक म्हणून फ्रान्झ ऑस्टेन यांची निवड झाली. फेब्रुवारी १९२५ मध्ये ते आपल्या छोट्या तुकडीबरोबर बोटीत बसले आणि मार्च महिन्यात मुंबईला उतरले. तुकडीत योसेफ वीर्शिंग नावाचे एक तरुण कॅमेरामन होते. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते पुढे पुन्हा येणार आहे.

विचार करा, म्युनिकच्या थंडीतून निघालेली ही माणसे ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्या देशात आली होती. कामही सोपे नव्हते. स्टुडिओ नाही, विजेचे दिवे नाहीत, पुठ्ठ्याचे महाल नाहीत. सारे चित्रण खऱ्या उन्हात आणि खऱ्या इमारतींत करायचे. जयपूरच्या महाराजांनी हत्ती, घोडे आणि भरजरी पोशाख दिले. हिमांशू राय स्वतः गौतम झाले. चित्रपटाच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांना कळवले होते, की यात नकली देखावे नाहीत आणि चेहऱ्यांना रंगही फासलेला नाही.

हा मूकपट म्हणजे प्रेम संन्यास. ऑक्टोबर १९२५ मध्ये तो म्युनिकला दाखवला गेला. युरोपातील लोकांनी तोपर्यंत पडद्यावर जो भारत पाहिला होता, तो बहुधा तिकडच्याच स्टुडिओत उभा केलेला असे. गोऱ्या नटांनी अंगाला काळा रंग लावायचा आणि राजा किंवा साधू व्हायचे, अशी रीत होती. आता त्यांनी खरी माणसे, खरे रस्ते, खरे घाट पाहिले. इंग्लंडच्या राजानेही हा चित्रपट पाहिला. भारतात मात्र त्याला फारसे पैसे मिळाले नाहीत.

पुढे ऑस्टेन आणि राय यांनी आणखी दोन मोठे मूकपट केले. १९२८ सालच्या शिराज या चित्रपटात ताजमहालाची कहाणी आहे. त्याचे चित्रण आग्र्याला झाले. शिराज हा एका कुंभाराचा मुलगा. त्याच्या घरी वाढलेली मुलगी पुढे मुमताज महल होते आणि तिच्या मृत्यूनंतर शिराजच तिच्या कबरीचा नकाशा तयार करतो, अशी ती कथा आहे. पण हा इतिहास नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवले पाहिजे. खऱ्या मुमताजचे नाव अर्जुमंद बानो. ती आसफखानासारख्या मोठ्या सरदाराची मुलगी होती. ताजमहाल बांधण्याचे श्रेय इतिहासकार बहुतेक वेळा उस्ताद अहमद लाहोरी यांना देतात. चित्रपटातले सगळे खरे मानायचे नसते. तरी ताजमहालासमोर जमलेले उंटांचे तांडे आणि माणसांची गर्दी या चित्रपटात पाहण्यासारखी आहे.

तिसरा मूकपट १९२९ सालचा. त्याचे नाव प्रपंच पाश. दोन राजे, एक मुलगी आणि फाशांचा जुगार. महाभारतातील द्यूताचा प्रसंग घेऊन ही कथा रचली होती. त्यासाठी राजस्थानात हजारो माणसे, शेकडो घोडे आणि हत्तींचे कळप जमवले होते.

इतक्यात काळ बदलला. पडदा बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट दाखवला गेला. मूकपटाला भाषा नसते. हसणे, रडणे, रागावणे सगळीकडे सारखेच कळते. म्हणून म्युनिकचा माणूस जयपूरला चित्रपट काढू शकत होता. आता पात्रे बोलणार, गाणार. मग ज्याला भाषाच येत नाही, अशा दिग्दर्शकाचे काय काम? ऑस्टेन यांच्या भारतातील कामाला येथेच पूर्णविराम मिळायला हवा होता. तो मिळाला नाही.

हिमांशू राय यांनी १९२९ साली देविका राणी यांच्याशी लग्न केले होते. दोघेही काही काळ जर्मनीत राहिले आणि तेथील स्टुडिओत कामाची पद्धत शिकले. १९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३४ साली, राय पतिपत्नींनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही कंपनी स्थापन केली. तेव्हाचे मालाड म्हणजे मुंबईबाहेरचे, झाडीत लपलेले गाव. तेथे त्यांनी परदेशी यंत्रे आणली, प्रयोगशाळा उभारली. शिकलेल्या मुलामुलींना कामावर घेतले. त्या काळी चांगल्या घरच्या माणसांनी सिनेमात जाणे म्हणजे नाक कापून घेणे होते. राय यांना ही समजूत मोडायची होती. दिग्दर्शनासाठी त्यांनी पुन्हा ऑस्टेन यांनाच बोलावले. कॅमेऱ्यासाठी वीर्शिंग आले. ऑस्टेन तेव्हा साठीच्या घरात होते.

पहिला बोलपट जवानी की हवा १९३५ साली आला. त्याच्या संगीतकार होत्या सरस्वतीदेवी. त्यांचे खरे नाव खुर्शीद. त्या पारशी होत्या. आपल्या समाजातील बाई सिनेमात गेली म्हणून काही पारशी मंडळींनी मोठा गोंधळ घातला. राय डगमगले नाहीत. सरस्वतीदेवी कंपनीत राहिल्या आणि पुढे कितीतरी गाजलेली गाणी त्यांनी दिली.

पुढच्या जीवन नैया या चित्रपटाच्या वेळी मोठीच अडचण आली. ठरलेला नायक कंपनीतून गेला. राय यांची नजर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणावर पडली. तोच अशोक कुमार. या तरुणाचा जबडा नायकाला शोभणारा नाही, असे ऑस्टेन यांचे मत पडले, असे सांगतात. त्यांनी त्याला घरी जाण्याचा सल्लाही दिला म्हणे! पण राय यांनी ऐकले नाही. हे बरेच झाले. अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो, तो असा. तुमचे उर्दूचे मोठे लेखक सआदत हसन मंटो यांनी अशोक कुमारांचे एक सुरेख शब्दचित्र लिहिले आहे. अशोक कुमार अचानक नायक कसे झाले, हे त्यातही आले आहे. मोठे झाल्यावर ते जरूर वाचा.

आता प्रश्न असा, की भाषा येत नसताना ऑस्टेन दिग्दर्शन कसे करत? निरंजन पाल कथा इंग्रजीत लिहीत. तिचे हिंदुस्थानी संवाद जे. एस. कश्यप करत. कश्यप नातवाँ या नावाने गाणीही लिहीत. या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. संवाद बरोबर म्हटला की नाही, उच्चार शुद्ध झाला की नाही, हे पाहण्याचे काम भारतीय सहकाऱ्यांचे. ऑस्टेन यांचे लक्ष दुसरीकडे असे. नट कोठे उभा आहे, मान किती वळली, डोळे कोणाकडे आहेत, हात काय करतात, हे ते पाहत. मूकपटात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. माणूस तोंडाने काय बोलतो यापेक्षा त्याचा चेहरा काय सांगतो, हे त्यांना अधिक चांगले कळत होते. त्या वेळच्या पुष्कळ बोलपटांत नट नाटकातल्यासारखे ओरडून बोलत. बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत माणसे हळू बोलतात. मधेच गप्प राहतात. या गप्प राहण्यात ऑस्टेन यांचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट अछूत कन्या. तोही १९३६ सालचाच. दुखिया हा रेल्वेच्या फाटकावर काम करणारा अस्पृश्य माणूस. मोहन हा ब्राह्मण दुकानदार. एकदा मोहनला साप चावतो. दुखिया तोंडाने विष शोषून काढतो आणि त्याचे प्राण वाचवतो. दोघे मित्र होतात. दुखियाची मुलगी कस्तुरी आणि मोहनचा मुलगा प्रताप एकत्र वाढतात. मोठेपणी त्यांचे एकमेकांवर प्रेम जडते. पण लग्न कसे होणार? जात आड येते. पुढे दुखिया आजारी पडतो, तेव्हा मोहन त्याला आपल्या घरी ठेवून घेतो. गावाला हे सहन होत नाही. जमाव चालून येतो आणि मोहनच घायाळ होतो. दुखिया डॉक्टरला आणण्यासाठी येणारी गाडी थांबवतो. या अपराधासाठी त्याची नोकरी जाते. प्रताप आणि कस्तुरी यांची लग्ने दुसरीकडे लावून दिली जातात. शेवटी त्याच फाटकावर कस्तुरीचा नवरा आणि प्रताप यांची मारामारी जुंपते. समोरून गाडी येत असते. दोघांना वाचवण्यासाठी कस्तुरी गाडीसमोर धावते आणि प्राण गमावते. बापाने गाडी थांबवली तर नोकरी गेली. मुलीने थांबवली तर जीव गेला.

कस्तुरीचे काम देविका राणींनी केले, प्रतापचे अशोक कुमारांनी. त्या वेळी आपल्या महाराष्ट्रातच या प्रश्नावर केवढी खळबळ चालली होती, हे आठवा. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला. लोकांच्या मनात हा विषय ताजा होता. चित्रपट खूप चालला. पंडित नेहरू आणि सरोजिनी नायडू यांनीही तो पाहिला.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती वाचताना तुम्हाला वाईट वाटेल. ज्या १९३६ साली ऑस्टेन यांनी अछूत कन्या केला, त्याच साली ते हिटलरच्या नाझी पक्षाचे सभासद झाले. आदल्याच वर्षी जर्मनीत एक कायदा झाला होता. या कायद्याने ज्यू आणि इतर जर्मन यांची आपसांत लग्ने बंद केली. ज्यूंचे नागरिकाचे हक्क काढून घेतले. माणूस कोणाच्या पोटी जन्मला, यावरून तो उच्च की नीच हे ठरवायचे, असे हे राज्य होते. म्हणजे मालाडला पडद्यावर कस्तुरी आणि प्रताप यांचे लग्न मोडत होते आणि आपण सारे हळहळत होतो. इकडे ते चित्र काढणाऱ्याच्या स्वतःच्या देशात असली लग्ने कायद्यानेच गुन्हा ठरली होती. आणि हा माणूस तो कायदा करणाऱ्या पक्षात नाव नोंदवत होता.

त्याच मुंबईत तेव्हा वॉल्टर कॉफमन नावाचे एक ज्यू संगीतकार राहत होते. हिटलरच्या छळाची चाहूल लागताच ते १९३४ साली येथे आले होते. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून त्यांनीच बांधली, असे मानतात. एकाच शहरात एक जण जीव वाचवून आलेला, तर दुसरा त्या छळ करणाऱ्यांच्या पक्षात. ऑस्टेन यांच्या काही चरित्रांत ही हकिकत एका ओळीत उरकलेली असते. मला ते बरोबर वाटत नाही. अछूत कन्याची कथा निरंजन पाल यांची होती, तो काढण्याची हिंमत हिमांशू राय यांची होती. ऑस्टेन यांनी आपले काम कौशल्याने केले, यात शंका नाही. पण कस्तुरीचे दुःख इतके चांगले दाखवणाऱ्याने आपल्या देशातील ज्यूंच्या दुःखाकडे पाठ फिरवली, हेही तितकेच खरे आहे.

यानंतर ऑस्टेन यांनी एकामागून एक चित्रपट काढले. १९३७ सालच्या इज्जत या चित्रपटात मराठे आणि भिल्ल यांच्या वैराची कथा होती. त्याच वर्षी सावित्री हा पौराणिक चित्रपट आला. मग भाभी, निर्मला, वचन, दुर्गा. काही चालले, काही पडले. १९३९ साली कंगन सुरू झाला. त्यात अशोक कुमारांबरोबर लीला चिटणीस होत्या. लीलाबाई मराठी रंगभूमीवरून आलेल्या, पदवीधर नटी. कंगन फार लोकप्रिय झाला, पण त्याचे काम चालू असतानाच ३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. भारत तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. येथील जर्मन माणसे एका दिवसात शत्रू ठरली. ऑस्टेन, वीर्शिंग आणि स्टुडिओतील इतर जर्मनांना पकडण्यात आले. कंगनचे उरलेले काम भारतीय सहकाऱ्यांनी पुरे केले. ते त्यांना जमले, कारण पाच वर्षांत ती मुले तयार झाली होती. हिमांशू राय यांच्यावर मात्र कामाचा फार ताण पडला. १६ मे १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

वीर्शिंग युद्ध संपेपर्यंत छावण्यांत अडकून राहिले. सुटल्यावर ते जर्मनीला गेले नाहीत. त्यांनी भारतातच कॅमेरा पुन्हा हाती घेतला. १९४९ साली आलेला महल त्यांनीच चित्रित केला. पाकीजाचे चित्रणही त्यांचेच, पण तो १९७२ साली पूर्ण होऊन लागला, तेव्हा वीर्शिंग हयात नव्हते. १९६७ साली मुंबईतच ते वारले होते.

ऑस्टेन यांची साठी उलटली होती. त्यांना लवकर सोडले आणि १९४० साली ते जर्मनीला परतले. म्युनिकच्या एका चित्रपट कंपनीत त्यांनी १९४५ पर्यंत नोकरी केली, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत. जर्मनीचा पराभव झाला. म्युनिक शहर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते. ऑस्टेन म्युनिकजवळच्या बाड आयब्लिंग या गावी राहिले आणि तेथेच २ डिसेंबर १९५६ रोजी, ऐंशीवा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असताना, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत मालाडचा बॉम्बे टॉकीज स्टुडिओही बंद पडला होता.

त्यांचे मूकपट लोक जवळजवळ विसरले होते. पण त्यांच्या फिती लंडनला जपून ठेवलेल्या होत्या. त्या स्वच्छ करून नव्याने तयार केल्या गेल्या. ऑगस्ट २००७ मध्ये, भारताच्या स्वातंत्र्याला साठ वर्षे झाली म्हणून, लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उघड्यावर मोठा पडदा उभारला आणि प्रपंच पाश दाखवला. नितीन सोहनी या भारतीय वंशाच्या संगीतकाराने त्यासाठी नवे संगीत रचले होते आणि पडद्याजवळ बसलेला मोठा वाद्यवृंद ते वाजवत होता. चौकात हजारो माणसे उभी होती. राजस्थानचे ते हत्ती अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पुन्हा पडद्यावरून चालत गेले.